तुझे बाबा काय करतात?

मुलांनो, एखाद्या नव्या मुलाशी किंवा मुलीशी ओळख झाली की तुम्ही कोणकोणते प्रश्न विचारता? थांबा, मीच सांगते. पहिला, "तुझं नाव काय?" दुसरा, "कितवीत आहेस?" तिसरा, "कुठं राहतेस?" आणि चौथा तर हमखास ठरलेला, "तुझे बाबा काय करतात?"

मोठ्या माणसांचंही तसंच असतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका पहिली जिलबी संपायच्या आत विचारतात, "आपण काय करता?" एसटीत खिडकीशेजारी बसलेल्या आजी विचारतात. दवाखान्यात नंबर लावून बसलेले लोक विचारतात. प्रश्न इतका साधा की विचारणारा तो विचारून विसरूनही जातो. पण काही जणांच्या मात्र तो ऐकला की पोटात गोळा येतो. असं का होतं? हा प्रश्न विचारावा की विचारू नये? आणि विचारायचाच असेल तर कसा? आज आपण याबद्दल थोडं बोलू या.

मी वाढले नवी मुंबईत. आम्ही १९८६ साली वाशीला राहायला आलो तेव्हा मी पाचवीत होते. त्या वेळी तिथे लोकल नव्हती. मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती १९९२ मध्ये. तोवर खाडीवरच्या पुलावरून बसने ये-जा करायची. हे शहरच मुळी नवं कोरं. मुंबईची गर्दी कमी करायची म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं आणि त्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. त्यामुळे आमच्या इमारतीत जो तो कुठून कुठून आलेला. तळमजल्यावर साताऱ्याचे, पहिल्यावर केरळचे, आमच्यासमोर पंजाबी आणि वरती कोकणातले. कुणाचे आजोबा कुणाला माहीत नाहीत. मग काय, जिन्यात भेटलं की प्रश्न सुरू!

गावात बघा, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. सगळ्यांना सगळं ठाऊकच असतं. पूर्वी तर विचारायची गरजच नव्हती, कारण काम जन्मालाच चिकटलेलं असायचं. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा मुलगा कुंभार. गावची कामं बारा बलुतेदारांनी करायची आणि सुगीला शेतकऱ्याकडून धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, घ्यायचं. आपली कितीतरी आडनावंसुद्धा कामावरूनच पडली आहेत. गावचा जमाखर्च लिहिणारे ते कुलकर्णी. नाणं खरं की खोटं ते पारखणारे पोतदार. पत्रव्यवहार सांभाळणारे चिटणीस. मुंबईतल्या पारशी मंडळींची आडनावं तर आणखी गमतीची आहेत. कुणी बाटलीवाला, कुणी कॉन्ट्रॅक्टर, तर कुणी चक्क इंजिनिअर! साहेबांच्या देशातही हेच. स्मिथ म्हणजे लोहार आणि टेलर म्हणजे शिंपी.

ऐकायला गंमत वाटते. पण यात एक दुःखाची गोष्टही दडलेली आहे. ज्याच्या वाट्याला मानाचं काम आलं त्याचं ठीक होतं. ज्याच्या वाट्याला लोकांनी हलकं मानलेलं काम आलं त्याला ते सोडायची मुभाच नव्हती, आणि मुलालाही तेच करावं लागे. अशा व्यवस्थेत नुसती कामं वाटली जात नाहीत, माणसंच एकमेकांपासून तोडली जातात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ठणकावून सांगितलं होतं. म्हणून मला वाटतं, "तुम्ही काय करता?" हा प्रश्न एका अर्थी चांगला आहे. तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात यावरून तुमचं काम मी गृहीत धरत नाही, तुम्हालाच विचारते आहे, असा त्याचा अर्थ होतो. आपलं काम आपण निवडू शकतो अशा जगातच हा प्रश्न शोभतो.

मग पोटात गोळा का येतो? कारण पुष्कळदा आपण हा प्रश्न माहिती म्हणून विचारतच नाही. आपण हातात तराजू घेऊन विचारतो. समोरचा "डॉक्टर" म्हणाला की पारडं खाली, "वॉचमन" म्हणाला की पारडं वर. त्यानुसार आपला आवाज बदलतो. 'तुम्ही'चं 'तू' होतं किंवा 'तू'चं 'आपण' होतं. खुर्ची पुढे येते, नाहीतर मागे जाते. आणि समोरच्या माणसाला हे सगळं बरोब्बर दिसत असतं.

नवी मुंबईत तर पुष्कळदा हा प्रश्न न विचारताही तराजू चालायचा. सिडकोने वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांसाठी वेगवेगळ्या आकाराची घरं बांधली होती. सेक्टर आणि घराचा टाइप सांगितला की ऐकणारा मनातल्या मनात पगार मोजून मोकळा! हे टाळता येईल का, असा विचार करणारेही होते. प्रसिद्ध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला एक वसाहत आखली. आज तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. तिथे त्यांनी सर्वांत लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आणि सर्वांत मोठा ७५ चौरस मीटरचा ठेवला. म्हणजे कमी कमावणारा आणि जास्त कमावणारा यांच्या जागेत फार मोठा फरक नको. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती. अंगण मात्र सगळ्यांचं एकच. पुढे तिथली बरीच घरं पाडून लोकांनी मोठी बांधली. पण मला ती कल्पना फार आवडते. अंगणात आलेल्या मुलाला कोण विचारणार, तुझं घर किती मोठं म्हणून?

आता माझ्या वर्गाची गोष्ट सांगते. पाचवीच्या पहिल्या दिवशी बाई हजेरीपट घेऊन आल्या आणि प्रत्येकाला उभं करून तीन गोष्टी सांगायला लावल्या. नाव, मूळ गाव आणि वडिलांचा व्यवसाय. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना रकाना भरायचा होता. पण "इंजिनिअर" असं उत्तर आलं की सगळा वर्ग मान वळवून बघायचा आणि "हमाल" आलं की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. एक मुलगा उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "बाबा घरी असतात." कुणीतरी ओरडलं, "घरी तर आई असते!" वर्ग खो खो हसला. तो मुलगा खाली बसला तो दिवसभर बोलला नाही. पुढे कुणी नवीन मुलगा ओळख करून घ्यायला आला की हा पाण्याची बाटली घेऊन नळावर निघून जायचा.

त्याचे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबत गेला आणि हजारो माणसांना पुन्हा कधीच गिरणीत काम मिळालं नाही. त्यांतलेच ते एक. अकरा वर्षांच्या मुलाने हे सगळं चार सेकंदांत, पंचेचाळीस मुलांसमोर कसं सांगायचं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. त्या रकान्यात मावेल असं उत्तर नव्हतं.

सहावीला आम्हांला नवे सर आले. त्यांनीही आमची ओळख करून घेतली. पण त्यांचा प्रश्न निराळा होता. ते म्हणाले, "तुमच्या घरातल्या कुणाचंही एक काम असं सांगा, की जे तुम्हांला नीट समजावून सांगता येईल. आई, बाबा, आजी, आजोबा, काका, कुणाचंही चालेल. नाव सांगू नका कामाचं. ते कसं करतात ते सांगा."

आणि काय सांगू, त्या दिवशी वर्गात नुसती धमाल उडाली!

एका मुलाचे वडील कांदा-बटाटा बाजारात होते. त्याने पोतं कसं उचलतात ते दप्तर घेऊन करून दाखवलं. दोघांनी दोन्हीकडून धरून तिसऱ्याच्या पाठीवर कसं द्यायचं, लोखंडी हूक कसा लावायचा, तोल कसा सांभाळायचा. सर म्हणाले, "अरे, याला माथाडी काम म्हणतात. माथ्यावर ओझं वाहणारे ते माथाडी." मग त्यांनी सांगितलं की या कामगारांना एकच असा मालक नसतो. ते टोळीने काम करतात. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या व्यापाऱ्याचा. म्हणून पूर्वी त्यांना ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना रजा, ना औषधपाणी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. आदल्या वर्षी "हमाल" शब्दाला हसलेली मुलं आता डोळे मोठे करून ऐकत होती.

मग गावठाणातली एक मुलगी उठली. तिने आजोबांच्या मिठागराबद्दल सांगितलं. भरतीचं पाणी आत कसं घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कसं सोडायचं, उन्हाने ते आटत आटत मीठ कसं धरतं आणि मग लाकडी फावड्याने ते कसं ओढायचं. पावसाळ्याआधी सगळं उरकावं लागतं, नाहीतर मेहनत पाण्यात! खरोखरच पाण्यात. आम्ही हसलो, तीही हसली. कुणीतरी विचारलं, "आणि तुझे बाबा?" ती म्हणाली, "बाबा प्रकल्पग्रस्त."

सर जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं होतं. तिथे आगरी, कोळी लोकांची भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. त्या माणसांना कुणी विचारलं असतं, "तुम्ही काय करता?" तर पिढ्यान् पिढ्या उत्तर तयार होतं. जमीन गेली आणि उत्तरही गेलं. मोबदला योग्य मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती या लढ्यामुळेच.

"प्रकल्पग्रस्त हे काही काम नाही," सर म्हणाले. "ही माणसं काय करतात ते या शब्दातून कळत नाही. त्यांच्यावर काय ओढवलं, तेवढंच कळतं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आम्ही सगळे ज्या सेक्टरांत राहत होतो, तिथे त्या मुलीच्या आजोबांसारख्यांची शेतं होती. आणि आम्हीच तिला विचारत होतो, तुझे बाबा काय करतात!

शेवटी तो गिरणीवाला मुलगा उठला. त्याने खिशातून दोन दोरे काढले. म्हणाला, "बाबा साच्यावर होते." साचा म्हणजे माग. धोटा इकडून तिकडे कसा पळतो, साच्यांचा आवाज इतका की शेजारच्याशीसुद्धा हातवारे करूनच बोलावं लागतं, दोरा तुटला की साचा थांबवून झटकन गाठ मारायची, सगळं त्याने सांगितलं. मग त्याने ती विणकरांची गाठ मारून दाखवली. एवढीशी, सपाट, ओढली की घट्ट बसणारी. मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग त्याच्याभोवती दोरे घेऊन उभा होता. त्या दिवशी तो नळावर गेला नाही.

दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीबद्दल होते. पहिल्याने एका मुलाला गप्प केलं, दुसऱ्याने त्याला बोलतं केलं. तेव्हा प्रश्न वाईट नसतो, मुलांनो. तो कसा, कधी आणि कशासाठी विचारला, यावर सगळं अवलंबून असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाबांचंच विचारतात, आईचं का नाही? अगदी बरोबर! बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात गेलात तर कळेल. होडी घेऊन जातात ते बाबा. पण मासळी विकणारी, भाव ठरवणारी आणि पैशाचा हिशेब ठेवणारी असते ती आई. तिथे फक्त बाबांचं विचारलं तर अर्धंच उत्तर मिळेल. आणि जी आई घर सांभाळते, तिच्याबद्दल मुलं पटकन सांगतात, "आई काही करत नाही." पहाटे पाचला उठून डबे कोण करतं मग? ही चूक फक्त मुलांचीच नाही बरं का. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना 'काम न करणाऱ्यां'मध्ये, भिकारी आणि कैदी यांच्याच गटात टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात त्यावर कडक टीका केली. तेव्हा यापुढे विचारायचं तर "तुझ्या घरी कोण कोण काय काय करतं?" असं विचारा.

आपल्या मराठीत हा प्रश्न विचारायची एक फार छान जुनी रीत आहे. तुमचे आजी-आजोबा "तुम्ही काय करता?" असं थेट विचारत नाहीत. ते विचारतात, "सध्या कुठं असता?" किती शहाणा प्रश्न आहे बघा! ज्याला नोकरी सांगायची आहे तो म्हणतो, "रेल्वेत असतो." ज्याला नाही सांगायची तो म्हणतो, "घणसोलीला असतो." दोन्ही उत्तरं खरी. दार उघडायचं की नुसती खिडकी, हे समोरच्याने ठरवायचं. आपण बाहेरून ढकलायचं नाही.

सगळीकडे एकच रीत नसते हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत ओळख झाल्या झाल्या काम विचारणं अगदी साधं समजतात. फ्रान्समध्ये मात्र पहिल्याच भेटीत असं विचारणं आगाऊपणाचं वाटतं, असं तिथे राहून आलेले सांगतात. आणि आपल्या लोकलमध्ये तर अशी दोस्ती असते, की रोज एकाच डब्यात वर्षानुवर्षं एकमेकांची भाजी चाखणाऱ्यांना परस्परांचं हुद्दा-पद माहीत नसतं. त्यांचं काही अडत नाही!

मग विचारायचं कसं? आधी थोड्या गप्पा होऊ द्या. क्रिकेट, पुस्तक, पाऊस, काहीही. मग आधी आपलं सांगा, म्हणजे समोरच्याला चौकशी चालली आहे असं वाटणार नाही. चारचौघांत विचारू नका. दोघंच असताना विचारा. पगार आणि हुद्दा तर विचारूच नका. उत्तर टाळलं तर विषय बदला. आणि उत्तर मिळालं की तिथेच थांबू नका. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे, "ते काम कसं करतात?" हा दुसरा प्रश्न विचारायचा नसेल तर पहिला विचारण्यात फारसा अर्थ नाही.

कुणी तुम्हांला विचारलं तर? सरळ सांगा. "आई दुसऱ्यांकडे स्वयंपाक करते." "बाबा मोटारसायकलवरून लोकांचं जेवण पोचवतात." "बाबा सध्या काम शोधत आहेत." यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कितीतरी कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत चांगल्या चांगल्यांची कामं गेली. काम आज असतं, उद्या बदलतं. माणूस तोच राहतो. आणि नसेल सांगायचं, तर हसून "पुन्हा कधीतरी सांगेन" म्हणायचाही तुम्हांला हक्क आहे.

आणि आई-बाबांनो, दोन ओळी तुमच्यासाठी. मुलगा नव्या मित्राला घरी घेऊन आला की त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्या आधी "वडील कुठे नोकरीला?" असं विचारू नका. मुलं आपल्याकडूनच तराजू धरायला शिकतात. त्याला आधी भूक लागली आहे का, ते विचारा.

या रविवारी एक करून बघा. तुमच्या इमारतीचे वॉचमन, इस्त्रीवाले काका, भाजीवाल्या मावशी, यांच्यापैकी कुणी निवांत असतील तेव्हा विचारा, "तुमच्या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट कोणती?" आणि 'तुम्ही' म्हणूनच विचारा हं. मग गप्प बसून ऐका. इस्त्रीवाले काका कदाचित सांगतील, सुती साडीच्या निऱ्या कशा बसवायच्या ते. जमलं तर शिकूनही घ्या.